गेरूमावशीची चारशे तेरा झाडं

गेरूमावशीबद्दल मी काही लिहावं असं खुद्द गेरूमावशीला अजिबात वाटत नाही. मागच्या आठवड्यात भीत भीत तिला विचारलं, तर म्हणाली, "तुम्हाला काय येतंय हो लिहायला, कारकूनभाऊ? जन्मभर 'सोबत यादी जोडली आहे' एवढंच तर लिहिलंत." हे अगदी खरं आहे. लाकूड आगारात मी चौतीस वर्षं कारकुनी केली आणि त्या वाक्याच्या पलीकडे फारसा गेलो नाही. मग उठून जाता जाता तीच म्हणाली, "आणि लिहिलंतच, तर आकडे तरी बरोबर टाका." ही मी परवानगी समजलो. आकडे बरोबर टाकतो. बाकीचं कसं उतरेल, देव जाणे.

तिचं हजेरीपटावरचं नाव वेगळं आहे, पण ते हजेरीपट सोडून कुणी वापरत नाही. जे झाड पाडायचं नाही त्याच्या बुंध्याला गेरूचा पट्टा ओढायचा, हे काम तिनं इतकी वर्षं केलं की तिच्या उजव्या हाताची बोटं कायमची तांबूस झाली. घरातल्या पाण्याच्या भांड्यावर, दाराच्या कडीवर, लेकीच्या वह्यांवर ती बोटं उमटलेली असत. तिचा नवरा गिरणीत करवत चालवतो. त्याच्या सदऱ्याच्या कॉलरवर एकदा तांबडा डाग दिसला, तेव्हा गिरणीतल्या लोकांनी त्याला दिवसभर छळलं. "कोण रे ती?" तर हा शांतपणे म्हणाला, "घरचीच आहे. हात न धुता भांडते."

वयानं ती माझ्याहून बारा वर्षांनी लहान. पण सगळं आगार तिला मावशी म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागलो. एकट्यानं वेगळं काही म्हणायचं धाडस माझ्यात नव्हतं.

आमचं आगार म्हणजे तारेच्या कुंपणातलं एक मोठं मैदान. त्यात ओंडक्यांच्या थप्प्या, आणि एका कोपऱ्यात पत्र्याचं दोन खोल्यांचं ऑफिस. एका खोलीत साहेब, दुसऱ्या खोलीत मी, माझा टाइपरायटर आणि एक कपाट. कपाटाला खालून लाथ घातल्याशिवाय ते उघडत नसे. कुंपणाच्या मागूनच जंगल सुरू होई आणि अर्ध्या तासाच्या चालीवर जंगलातल्या माणसांची वस्ती. ती माणसं तिथली मूळची. आमचं जंगलखातं नंतरचं, आगार त्याच्याही नंतरचं. झाडं पाडणं, फांद्या छाटणं, ओंडके ओढणं, रोपं लावणं, उन्हाळ्यात आगीचे पट्टे साफ ठेवणं, सगळं वस्तीवरची माणसं करायची. आणि झाडून सगळी हंगामी. मावशीचे वडील एकतीस वर्षं हंगामी होते. एकतीस वर्षांचा हंगाम फक्त आमच्या खात्याच्या कागदावर असतो. कायम होते ते साहेब, मुकादम, पहारेकरी आणि मी. आम्ही चौघेही बाहेरून आलेले. मी तर इतकी वर्षं काढून आजही फार फार तर पाच झाडं नावानं ओळखतो, आणि त्यातलं एक ऑफिसच्या दारात आहे.

मावशी एकोणिसाव्या वर्षी झुडपं तोडणाऱ्या बायकांच्या टोळीत लागली आणि पुढे गेरूच्या कामावर आली. बेचाळिसाव्या वर्षी वरून हुकूम आला की पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणाऱ्या लोकांमधून खात्यात कायम माणसं घ्यावीत. आमच्या वाट्याला पहिली जागा आली ती मोजणीदाराची. पाडणीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्याला आमच्याकडे कूप म्हणतात. कुपात किती झाडं आहेत ते मोजून द्यायचं, हे मोजणीदाराचं काम. सहा महिने उमेदवारी, काम पसंत पडलं तर कायम. यादीत पहिलं नाव मावशीचं, तिच्या मागे वस्तीवरच्या आणखी चौघांची, पण हुकमात एक शेपूट होतं. पहिली नेमणूक यशस्वी ठरली तरच पुढच्या जागा भरायच्या, नाहीतर यादी रद्द आणि जागा सगळ्यांना खुली. म्हणजे परीक्षा एकीची आणि नापास व्हायचे पाच जण.

मुकादमाला ती जागा आपल्या मेहुण्यासाठी हवी होती. त्यात चोरून काही नव्हतं, तो उघड सांगायचा. "माझा मेहुणा दहावी पास आहे. मावशीला पाटी वाचायला अर्धा दिवस लागतो."

"लागू दे," मावशी म्हणायची. "झाडांवर पाट्या नसतात."

वाचायला तिला वेळ लागे हे खरं. रात्रशाळेत चार हिवाळे घालवून ती वाचायला शिकली होती, आणि अक्षर न्‌ अक्षर वेगळं केल्याशिवाय पुढे सरकत नसे. मोजताना मात्र ती कुणाला ऐकत नसे. डाव्या खांद्याला एक पिशवी, उजव्या खांद्याला एक. झाड दिसलं की डावीकडचा खडा उजवीकडे. आणि तोंडानं सतत पुटपुट. मध्येच कुणी बोललं तर ती सरळ त्या रांगेच्या सुरुवातीला परत जायची. मुकादमाला हे कळल्यावर त्याला मोठा उद्योग मिळाला. रांग संपत आली की हा झाडाआडून विचारायचा, "काय मावशी, बरं आहे ना?" मावशी त्याच्याकडे बघायची, दोन्ही पिशव्या सारख्या करायची आणि मागे फिरायची. तिसऱ्या वेळी तिनं त्याला एक खडा मारला. तो मात्र तिनं नंतर शोधून पिशवीत परत टाकला, कारण खडे बरोबर पाचशे होते.

पाच महिने तिचं काम निर्वेध चाललं. साहेब नवीन होते, तरुण होते, शिस्तीचे होते. प्रत्येक कूप ते स्वतः पुन्हा मोजायचे, हातात टिकटिक करणारं मोजयंत्र घेऊन. पाच कूप झाले आणि पाचही वेळा शेवटी दोघांचा आकडा जुळला. एकदा तीन झाडांचा फरक आला, तर साहेबांनी स्वतःच परत जाऊन बघितलं आणि येऊन म्हणाले, "माझीच तीन राहिली होती." साहेब तसे सरळ मनाचे. फक्त आपल्या यंत्रावर त्यांचा जरा जास्त जीव होता.

सहाव्या महिन्यात कूप नंबर नऊ आला.

मावशीचा आकडा चारशे तेरा. साहेबांचा पाचशे एकसष्ट.

मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि मला वाटलं, कुणीतरी कूपच चुकलं असेल. साहेबांनी मावशीला बोलावलं. दार उघडंच होतं, आणि नसतं तरी पत्र्याच्या भिंतीतून सगळं ऐकू येत असे.

"मावशी, एकशे अठ्ठेचाळीस झाडं कमी आहेत."

"कुठे गेली?"

"ते मी तुम्हाला विचारतोय."

"कूप मी काल पाहिला. कुठे गेलेली नाहीत. सगळी जागच्या जागी आहेत."

"मग कागदावर का नाहीत?"

"कागदावर आहेत ना. चारशे तेरा."

हे असं बराच वेळ चाललं. शेवटी मावशी म्हणाली, "पुन्हा मोजते." दोन दिवस लावून तिनं मोजलं. चारशे तेरा. साहेबांनीही दोन दिवस लावून मोजलं. पाचशे एकसष्ट. दोन्ही आकडे जागचे हलेनात.

आता, मोजणीदारानं झाडं कमी दाखवली तर आमच्या खात्यात त्याचा एकच अर्थ निघतो. जे झाड कागदावर नाही ते रानातून नाहीसं झालं तरी कुणी शोधत नाही. मुकादमानं तो अर्थ चहाच्या टपरीवर मोठ्यानं काढला. "एकशे अठ्ठेचाळीस म्हणजे दहा ट्रक. काय मावशी, खड्यांच्या पिशवीतून नेणार काय?"

मावशीनं त्याला उत्तर दिलं नाही. तिनं मुकादमाला उत्तर न देणं ही इतकी नवी गोष्ट होती की टपरीवाला चहा ओतता ओतता थांबला.

साहेबांना तसं वाटत नव्हतं, पण कागदाला वाटावं लागतं. त्यांनी मजकूर सांगितला आणि मी तो टाइप केला: "उमेदवाराने हेतुपुरस्सर कमी मोजणी केल्याचा संशय आहे. सचोटी शंकास्पद." माझ्या टाइपरायटरवर 'च'चा काटा जरा वाकडा पडायचा, म्हणून 'सचोटी' मी दोनदा दाबून नीट उमटवली. असल्या गोष्टींत मी फार काळजीपूर्वक वागायचो. तोंड उघडायचं सोडून बाकी सगळ्या गोष्टींत.

साहेबांनी तिला एक वाट ठेवली होती. "माझ्याकडून मोजणी चुकली, असं लिहून द्या. मी उमेदवारी तीन महिने वाढवतो. नाहीतर वरून समिती येईल, आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही." तो माफीचा कागदही मीच टाइप केला. चार ओळींचा होता. तिनं विचार करायला एक दिवस मागितला. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, म्हणून साहेबांनी कागद घेऊन मला वस्तीवर पाठवलं.

तिचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे लाकडी ओटा. गिरणीतली वाकडी, कुणाला न लागणारी फळकुटं जोडून नवऱ्यानं तो बांधलेला. ओट्यावर तिचे वडील बसले होते. ऐंशीच्या घरातले, कानानं ठणठणीत, पायांनी अधू. करवतवाला नवरा करवतीच्या दातांना कानस लावत होता. मावशी समोरच्या खांबाला टेकून बसली होती, हाताची घडी घालून. ही घडी मी ओळखत होतो. आमच्या खात्याचे तीन साहेब या घडीपुढे बदलून गेले होते.

"सही कर ना," नवरा कानस न थांबवता म्हणाला. "चार ओळी तर आहेत."

"तुम्ही करा."

"माझी कशी चालेल? मोजलंस तू."

"मग मला माहीत आहे ना, मी काय मोजलं ते."

मीही हळूच म्हणालो, "मावशी, तीन महिने मिळतील. पुढच्या चौघांचाही प्रश्न आहे."

"त्या चौघांचाच प्रश्न आहे, भाऊ. मी लिहून दिलं की आम्हाला मोजता येत नाही, तर त्यांना कोण विचारणार? तुमचा मुकादम तो कागद चौकट करून भिंतीवर लावेल."

मी कागदाची घडी केली, उलगडली, परत केली. तेवढ्यात म्हाताऱ्यांनी विचारलं, "आकडा काय म्हणालीस, पोरी?"

"चारशे तेरा, बाबा."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "मग आठ मेली."

"कोण मेली?" मी घाबरून विचारलं.

"बुडं. नऊ नंबरात आमच्या टोळीनं चारशे एकवीस पाडली होती. चाळीस वर्षं झाली. आठ बुडं मेली असतील. ओढ्याकडची असणार. तिथे पाणी साचतं."

"पाच ओढ्याकडची," मावशी म्हणाली. "तीन वरची, खडकाजवळची."

बापलेक असे बोलत होते, जणू नात्यातल्या लोकांची खबरबात घेत होते. माझ्या डोक्यात काही शिरेना. मी तसं कबूल केलं. म्हाताऱ्यांनी माझ्यापुढे पंजा धरला.

"कारकूनभाऊ, मला हात किती?"

"दोन."

"साहेबाला विचारा. दहा म्हणेल."

तरीही मला वेळ लागला. नवऱ्यानं शेवटी कानस खाली ठेवून मला लहान मुलासारखं समजावलं. त्या कुपातल्या जातीचं झाड पाडलं तरी मरत नाही. जमिनीत राहिलेल्या बुडाला नवे फुटवे येतात. दोन येतात, तीन येतात, कधी पाच. चाळीस वर्षांत त्यांची उंच झाडं होतात. आपल्याला वाटतं, तीन झाडं जवळजवळ उभी आहेत. खाली बूड एकच असतं. आधीचे पाच कूप अशी पाडणी कधी न झालेल्या जंगलात होते, तिथे एका बुडाला एकच खोड, म्हणून आकडे जुळले. नऊ नंबर चाळीस वर्षांपूर्वी पडला होता. तिथे मावशी बुडं मोजत होती आणि साहेब खोडं.

"मग हे तुम्ही साहेबांना सांगितलं का नाही?" मी मावशीला विचारलं.

"काय सांगायचं?" ती खरोखरच चकित झाली होती. "ते बोटं मोजतायत हे मला काय ठाऊक? मला वाटलं, नवीन यंत्र आहे, जास्त टिकटिकतंय." मग जरा थांबून म्हणाली, "एका आईची तीन लेकरं, तर घरं तीन म्हणतात का कुणी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात कपाटाला लाथ घातली. चाळीस वर्षांपूर्वीचं पाडणीचं रजिस्टर सगळ्यात खाली होतं, वाळवीनं कडा खाल्लेलं. कूप नंबर नऊ. पाडलेली झाडं: चारशे एकवीस. मी ते पान उघडं ठेवून साहेबांच्या टेबलावर नेलं आणि घसा खाकरला. एवढंच माझ्याच्यानं झालं, पण तेवढ्यानं त्यांनी मान वर केली, आणि मग सांगावंच लागलं.

साहेबांनी पान बघितलं. बराच वेळ बघितलं. "पण खात्याची व्याख्या खोडाची आहे," ते म्हणाले. "जमिनीवर उभं खोड म्हणजे एक झाड. बूड आमच्या फॉर्ममध्ये नाही. म्हणजे चूक तर झालीच ना? त्यांना म्हणावं, तेवढं लिहून द्या."

मी तसं मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "फॉर्ममध्ये नाही म्हणून जमिनीत नाही असं होतं का?" आणि गेरूचा डबा उचलून कामाला गेली.

समिती आली. समिती म्हणजे एक मोठ्या बाई, त्यांचा ड्रायव्हर आणि एक जाड फाईल. मोठ्या बाई निवृत्तीला टेकलेल्या होत्या, गुडघ्याला पट्टा बांधलेला, हातात काठी. त्यांनी ऑफिसात बसून चौकशी करावी अशी सगळी व्यवस्था मी केली होती, खुर्चीवर उशीही ठेवली होती. बाई म्हणाल्या, "खुर्च्या मी तीस वर्षं बघितल्या. कूप दाखवा."

आम्ही नऊ नंबरात गेलो. पुढे मावशी, मागे साहेब, मुकादम, बाई, आणि सगळ्यात शेवटी उशी घेऊन मी, कारण ती खाली कुठे ठेवावी हे मला सुचलं नव्हतं.

पहिल्याच चढावर चार उंच खोडं एका जागी उभी होती.

"किती?" बाईंनी विचारलं.

"चार," साहेब आणि मुकादम एकदम म्हणाले.

"एक," मावशी म्हणाली.

"बघा," मुकादम म्हणाला, "डोळ्यांदेखत तीन गेली."

मावशी खाली बसली आणि तांबूस बोटांनी पालापाचोळा बाजूला करू लागली. चारही खोडांच्या मुळाशी मातीत एक रुंद, काळं, जुन्या जात्याच्या दगडासारखं बूड निघालं. एका कडेला कुऱ्हाडीनं पाडल्याची जुनी खाच होती. "हे माझ्या बाबांनी पाडलेलं," ती म्हणाली. "ते डावखुरे. खाच बघा कुठल्या बाजूनं आहे."

बाई काठीवर रेलून वाकल्या. मग साहेबांना म्हणाल्या, "ही गोष्ट फाईलमध्ये नाही."

साहेबांनी खिशातून रजिस्टरच्या पानाची नक्कल काढली. मला वाटलं होतं, त्यांनी ती बाजूला टाकली असेल. ते म्हणाले, "हे फाईलमध्ये घालायचं राहिलं होतं, मॅडम. चारशे एकवीस पाडली होती. या चारशे तेरा म्हणतात. आठ कमी."

"आठ मेली," मावशी म्हणाली. "दाखवू?"

"दाखवा."

तिनं आठही दाखवली. पाच ओढ्याकडे, तीन खडकाजवळ. कुजून पोकळ झालेली, शेवाळानं झाकलेली बुडं. एका पोकळीत मुकादमाचा पाय गुडघ्यापर्यंत गेला, तेव्हा मावशीनंच त्याला ओढून बाहेर काढलं. "काय मुकादम, बरं आहे ना?" तिनं विचारलं. मोठ्या बाई हसल्या, आणि मग खोकल्याचं निमित्त केलं.

पण त्या काही एवढ्यावर विरघळणाऱ्या नव्हत्या. एका दगडावर बसल्या. मी उशी पुढे केली, ती त्यांनी घेतली, आणि माझ्या नोकरीतलं ते बहुधा सगळ्यात उपयोगी काम ठरलं. त्या म्हणाल्या, "मावशी, तुम्ही चोरी केली नाहीत हे दिसतंय. पण मोजणीदाराला खात्याला हवं ते मोजायचं असतं. बुडं मोजून खात्याचा काय फायदा?"

मावशीनं जरा वेळ झाडांकडे बघितलं.

"या कुपात तुम्ही काय करणार, बाई?"

"विरळणी. गर्दी कमी करायची. चारांतलं एक पाडायचं."

"कसं?"

साहेबांनी सांगितलं. "रांगेनं जायचं, प्रत्येक चौथं खोड पाडायचं. एकशे चाळीस पडतील."

"मग ते बघा, तिकडे एकटं उभं आहे. सरळ, गुळगुळीत. तुमच्या रांगेत ते चौथं आलं तर पडेल. आणि हे चौघं इथे एका ताटात जेवतायत, ते तसेच भांडत राहतील. कुणाचंच पोट भरणार नाही, कुणीच मोठं होणार नाही. गर्दी तिथली तिथेच. त्यापेक्षा प्रत्येक बुडावर एक ठेवा, चांगलं बघून. बाकीची पाडा."

"म्हणजे किती पडतील?"

मावशी बोटं मोजू लागली, पण साहेब हिशेबात पटाईत. त्यांचे ओठ हलले आणि थांबले. "एकशे अठ्ठेचाळीस," ते म्हणाले. ज्या एकशे अठ्ठेचाळिसांवरून गेले तीन आठवडे सगळ्यांची झोप उडाली होती, नेमकी तीच. त्यांच्या हिशेबापेक्षा आठ जास्तच.

"आणि चारशे तेरा उरतील," मावशी म्हणाली. "एका बुडाला एक."

मग मुकादमानं, पॅंटवरचं शेवाळ झटकत, कुणालाच उद्देशून न म्हटल्यासारखं म्हटलं, "पण हे मेहुण्यालाही सांगता आलं असतं."

"मेहुण्याला बोलवा, विचारू," बाई म्हणाल्या, आणि काठी टेकून उठल्या.

परतताना त्यांनी साहेबांना सांगितलं की पुढच्या फॉर्ममध्ये दोन रकाने करा, एक बुडांचा, एक खोडांचा. साहेब म्हणाले, फॉर्म वरून छापून येतो. बाई म्हणाल्या, "मग पट्टी घ्या आणि रेघ ओढा." ती रेघ पुढे निवृत्त होईपर्यंत मी दर फॉर्मवर हातानं ओढत आलो. ती कधीच सरळ आली नाही, हे मावशी आजही काढते.

ऑफिसात आल्यावर बाईंनी फाईल बंद केली आणि मला कायम नेमणुकीचा हुकूम टाइप करायला सांगितलं. मी तो न चुकता टाइप केला. बाई जीपमध्ये जाऊन बसल्या, त्यांना दुसऱ्या आगाराला जायचं होतं. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. साहेबांनी मावशीपुढे फाईल ठेवली. "इथे सही करा, मावशी. झालं."

मावशीनं सही करायची जागा बघितली आणि मग फाईलीची मागची पानं उलटायला लागली.

"ते जुनं आहे," साहेब म्हणाले.

"मी बघतेय फक्त."

ती एका पानावर थांबली. बोट ठेवून वाचू लागली. स, चो, टी. मला ते पान कोणतं ते लगेच कळलं, आणि मी टाइपरायटरची फीत बघण्याचं निमित्त करून खाली वाकलो.

"शं-का-स्प-द," तिनं पूर्ण केलं. "हे काय आहे?"

"ते आता काही नाही, मावशी. नेमणूक झाल्यावर त्याला अर्थ नाही. कुणी मागचं पान बघत नाही."

"मी बघितलं ना."

"पण तुम्ही कायम झालात!"

"चोर म्हणून कायम व्हायचं नाही मला, साहेब. उद्या यादीतला दुसरा येईल, त्याचीही फाईल होईल. त्याच्या आधी हे पान असेल. हे काढा, मग सही करते."

साहेब घाम पुसत म्हणाले, फाईलीतलं पान काढता येत नाही. नियम आहे. पान खोडायचं तर वरिष्ठांची सही लागते. मावशी म्हणाली, वरिष्ठ बाहेर जीपमध्ये आहेत. आणि हाताची घडी घातली.

ती घडी बघितल्यावर माझ्या अंगात कुठून बळ आलं कुणास ठाऊक. मी उठलो, जीपपाशी गेलो आणि मोठ्या बाईंना म्हणालो, "तो शेरा मी टाइप केला होता, मॅडम. मला तेव्हाच तो पटला नव्हता." पटला नव्हता की नाही हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. पण त्या क्षणी तसं वाटलं.

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग गुडघा धरून जीपमधून उतरल्या, आत आल्या, त्या दोन ओळींवर आडवी रेघ मारली आणि बाजूला स्वतःच्या हातानं लिहिलं: "स्थळपाहणीनंतर हा शेरा चुकीचा आढळला. उमेदवाराची मोजणी अचूक आहे." खाली सही, तारीख.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"वाचते," मावशी म्हणाली.

"मी वाचून दाखवू?" साहेबांनी घाईनं विचारलं.

"नको. लिहिलंय माझ्याबद्दल. मीच वाचते."

ती खुर्ची ओढून बसली. बाईंचं अक्षर डॉक्टरांसारखं होतं, आणि 'स्थळपाहणी' या शब्दापाशीच बराच वेळ गेला. बाई काठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. साहेब घड्याळ बघत होते, मुकादम दारात उभा होता, आणि मावशीचं तांबूस बोट एकेका अक्षराखालून सरकत होतं. ती 'अचूक'पर्यंत पोचेतो बाहेर ड्रायव्हरनं इंजिन बंद करून टाकलं होतं.